अक्षय ऊर्जेचे शालेय प्रकल्प: थर्माकोलची पवनचक्की सोडून काय करता येईल?

माळावरचा_मास्तर

नमस्कार मंडळी.

आमची शाळा कवठेमहांकाळ तालुक्यात. ढालगावच्या अंगाला गेलं की पवनचक्क्यांची रांग दिसते, वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या रानात सौर पंप बसलाय. ऊर्जा हा विषय आमच्या पोरांना पुस्तकातून शिकायची गरज नाही, तो दारातच आहे. तरीही प्रदर्शन आलं की तेच: थर्माकोलचं गाव, आईस्क्रीमच्या काड्यांची पवनचक्की, हिरवा रंग दिलेला भुसा, आणि मागच्या खोक्यात लपवलेला नऊ व्होल्टचा सेल. पवनचक्की हातानं फिरवायची आणि त्याच वेळी दुसऱ्यानं मागून बटण दाबायचं. दिवा लागतो, टाळ्या पडतात.

यंदा आठवी-नववीच्या मुलांकडून खरं काही करून घ्यायचं आहे. केंद्र सरकारच्या इन्स्पायर-मानक योजनेत निवड झाली तर एका विद्यार्थ्याला १०,००० रुपये मिळतात, पण ते एखाद्यालाच. बाकी गटांना मी गटामागे पाचशे रुपयांच्या आत बसवणार. प्रयोगशाळेत थर्मामीटर, काचेची भांडी, लिटमस एवढं आहे. अट एकच, लपवलेला सेल नको.

काय काय करता येईल?

---

सोल्डरगन

धागा आवडला. पहिली गोष्ट, पाचशेतले दोनशे रुपये डिजिटल मल्टीमीटरला जाऊ द्या. दोन-तीन गटांत एक चालेल, पण तो नसेल तर बाकी सगळं शोभेचं.

एलईडी पेटवणं हा प्रयोग नाही. एलईडी दोन-तीन मिलीॲम्पवरही मिणमिणतो, त्यामुळे त्याच्याकडे बघून काहीच कळत नाही. 'दिवा लागला का' याऐवजी 'किती मिळाले, आणि काय बदललं की किती बदलतात' हा प्रश्न घ्या.

पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला ६ व्होल्ट, १ वॅटचं छोटं पॅनल मिळतं. साधारण ११ बाय ६ सेंटिमीटर. त्याच्या एवढ्याशा अंगावर भर उन्हात साडेसहा वॅट पडतात, त्यातला एक वॅट विजेत मिळतो. हा पहिला हिशेब मुलांना स्वतः पट्टीनं मोजून करू द्या. बाकीची साडेपाच वॅट कुठे गेली, हे पॅनलच्या पाठीला हात लावल्यावर कळतं.

---

तर्कटराव

मास्तर, तुमची तळमळ कळते. पण परीक्षक एका टेबलाशी दोन मिनिटं उभा राहतो. त्याला फिरणारं, पेटणारं, आवाज करणारं काहीतरी लागतं. आकड्यांचा तक्ता घेऊन उभी राहिलेली पोरगी तिसऱ्या नंबरातसुद्धा येणार नाही. शिवाय मॉडेल करताना कापणं, चिकटवणं, वायर जोडणं हे हाताला येतंच की. त्याला अगदीच टाकाऊ ठरवू नका.

---

दोन_लेकरांची_आई

तर्कटराव, उलटा अनुभव सांगते. आम्ही ठाण्यात, फ्लॅटमध्ये. थोरल्यानं गेल्या वर्षी मोजमापाचा प्रकल्प केला होता. पॅनलला मल्टीमीटर लावला. लख्ख उन्हात ७ व्होल्ट, दाट ढगात ६.३ व्होल्ट. निष्कर्ष लिहिला, 'सौर पॅनल ढगाळ हवेतही ९० टक्के वीज देते.' सुबक आलेख, रंगीत पेनं. बक्षीसही मिळालं!

मला तेव्हापासून शंका आहे, कारण आमच्या सोसायटीच्या गच्चीवरचं सोलर जुलैमध्ये काही ९० टक्के चालत नाही. मग मीटर खोटं बोलत होतं का?

---

सोल्डरगन

मीटर खरं बोलत होतं. त्याला चुकीचा प्रश्न विचारला होता.

पॅनलला काहीच जोडलं नसताना जे व्होल्टेज दिसतं ते उजेडावर फार थोडं अवलंबून असतं. सिलिकॉनचा एक सेल साधारण अर्धा-पाऊण व्होल्टच्या मधे कुठेतरी अडकलेला असतो, ऊन कडक असो की मंद. १२ सेलच्या पॅनलवरचा उजेड दहापट कमी केलात तरी मोकळं व्होल्टेज जेमतेम पाऊण ते एक व्होल्टनं उतरतं. करंट मात्र उजेडाच्या प्रमाणात पडतो, दहापट उजेड कमी तर दहापट करंट कमी. आणि वीज म्हणजे दोन्हींचा गुणाकार.

करायचं एवढंच, पॅनलच्या दोन तारांमध्ये ३३ ओहमचा, २ वॅटचा रोधक (रेझिस्टर) जोडायचा आणि त्या रोधकावरचं व्होल्टेज मोजायचं. भर उन्हात ६ व्होल्टच्या आसपास येईल. व्होल्टेजचा वर्ग भागिले ३३, म्हणजे एक वॅटच्या थोडं वर. आता दहापट कमी उजेडात तेच मोजा. जेमतेम अर्ध्या व्होल्टच्या थोडं वर दिसेल. शंभरावा हिस्सा वॅट! (थोरल्याला सांगा की या रोधकाला ढगात इतका कमी वाटा मिळतो, त्याचं एक कारण रोधक बदलला नाही हेही आहे. ढगात ३३० ओहमचा लावला तर जास्त ओढता येते. १० पासून १००० ओहमपर्यंत सात-आठ रोधक घेऊन प्रत्येकावर किती वॅट येतात ते मोजलं की टेकडीसारखा आलेख येतो. घरावरच्या सोलरचा इन्व्हर्टर दिवसभर त्या टेकडीचा माथाच शोधत असतो.)

रोधकाची किंमत दोन-चार रुपये. माझ्या मते नववीच्या मुलांसाठी याच्याइतका स्वस्त आणि भारी प्रयोग दुसरा नाही.

---

दोन_लेकरांची_आई

अहो, हे इतकं साधं होतं? थोरला आत्ता रोधक शोधायला जुना रेडिओ उघडून बसलाय. तुम्ही जबाबदार.

---

माळावरचा_मास्तर

सोल्डरगन, हा प्रयोग पक्का. आणि तर्कटराव, ती ९० टक्क्यांची गोष्ट तुमच्याच बाजूची आहे की. आलेख काढला म्हणजे प्रकल्प खरा झाला असं नाही, हे मान्य. पण मुलानं निदान मोजलं होतं, म्हणून चूक सापडू तरी शकली. लपवलेल्या सेलात चूकसुद्धा सापडत नाही.

सावलीवर काही करता येईल का? आमच्याकडे सौर पंपाच्या पॅनलवर बाभळीची फांदी आली की पंप बसतो. पोरांचा प्रश्न असतो, सावली एवढीशी आणि पाणी एवढं कसं कमी?

---

सोल्डरगन

हा तर फार झकास प्रश्न आहे. छोटं पॅनल निरखून बघा, काळ्या पट्ट्या दिसतील. प्रत्येक पट्टी एक सेल, सगळ्या एकापुढे एक जोडलेल्या. पुठ्ठ्याची एक अरुंद पट्टी कापा, एका सेलच्या मापाची.

आधी ती एका सेलवर पूर्ण बसेल अशी ठेवा. बारावा हिस्सा झाकला, आणि करंट जवळपास शून्यावर. आता तेवढ्याच क्षेत्रफळाचा पुठ्ठा आडवा धरा, म्हणजे प्रत्येक सेलचा थोडा थोडा भाग झाकला जाईल. करंट फक्त आठ-नऊ टक्के उतरेल. सावली तेवढीच, परिणाम जमीन-अस्मानाचा. सेल एका माळेत असल्यामुळे सगळ्यांतून तोच करंट वाहायला लागतो, एक अडला की सगळे अडले. मोठ्या पॅनलच्या मागच्या डबीत बायपास डायोड असतात ते याचसाठी, अडलेल्या भागाला वळसा घालून करंट पुढे जावा म्हणून.

तुमच्या पोरांनी हे शिकल्यावर बाभळीची नेमकी कुठली फांदी छाटायची हे सांगता आलं तर तोच प्रकल्पाचा निष्कर्ष.

आणखी एक, उष्णतेचा. पॅनल सावलीत थंड होऊ द्या, मग उन्हात ठेवून लगेच मोकळं व्होल्टेज वाचा, पुढे दर मिनिटाला. इथे मोकळंच वाचायचं, रोधक नको. पॅनल तापत जाईल तसं व्होल्टेज उतरत जातं, दर अंशाला प्रत्येक सेलमागे साधारण दोन मिलीव्होल्ट. तीस अंश तापलं की १२ सेलचे मिळून पाऊण व्होल्टच्या जवळ. मग वर गार पाणी ओता आणि मीटरकडे बघा. 'मे महिन्यात ऊन जास्त म्हणून वीजही तेवढीच जास्त' हा समज तिथंच ढासळतो.

---

गच्चीवरची_आजी

मुलांनो, विजेच्या पलीकडेही सूर्य आहे बरं का. मी नागपूरची. पेटीचा सौर कुकर माझ्या गच्चीवर संसारातल्या बाकी कुठल्याही यंत्रापेक्षा जास्त टिकलाय. सकाळी दहाला वरण-भात लावते आणि विसरून जाते. शेंगदाणे त्यात जसे भाजतात तसे गॅसवर कधी भाजले नाहीत, एकही काळा पडत नाही. रताळी, रवा, ढोकळा, सगळं होतं. भाकरी आणि फोडणी मात्र त्याच्याकडे मागू नका.

शाळेसाठी सांगते. चार सारखी पातेली घ्या, प्रत्येकात अर्धा लिटर पाणी. एक चकचकीत स्टीलचं. दुसरं बाहेरून फळ्याच्या काळ्या रंगानं रंगवलेलं, झाकणासकट. तिसरं काळंच पण काचेखाली. चौथं काळं, काचेखाली, आणि बाजूनं कापूस किंवा भुसा भरलेल्या खोक्यात, वर चांदीच्या कागदाचा आरसा लावून. दर पंधरा मिनिटांनी तापमान लिहायचं. काळा रंग किती कामाचा, काच किती कामाची, भुसा आणि आरसा मिळून किती कामाचे, हे वेगवेगळं दिसतं. नुसता कुकर करून 'भात शिजला' म्हटलं की यातलं काही कळत नाही.

एक काळजी घ्या. शाळेतलं काचेचं थर्मामीटर ११० अंशांपर्यंतच असतं. रिकाम्या पेटीत ते ठेवून विसरलात तर फुटेल, पेटी त्याच्या वर जाते. पाण्यातच बुडवून ठेवायचं. आणि आरशाकडे टक लावून बघायचं नाही, हे मुलांना दोनदा सांगायचं.

---

उष्मागतिक

आजींना साष्टांग. चार पातेल्यांचा प्रयोग म्हणजे शुद्ध विज्ञान आहे.

त्यात थोडं गणित घालतो. पेटीचं तोंड ५० बाय ५० सेंमी असेल तर पाव चौरस मीटर. दुपारचं ऊन दर चौरस मीटरला ८०० वॅट धरलं तर पेटीत २०० वॅट शिरतात. एक लिटर पाणी ३० वरून ९० अंशांना न्यायला सुमारे २५० किलोज्यूल लागतात. याला दीड तास लागला तर आत शिरली १०८० किलोज्यूल, कामी आली २५०. कार्यक्षमता २३ टक्के. आता प्रत्येक गटानं आपली पेटी सुधारून हा आकडा किती वाढतो ते दाखवायचं. काच दुहेरी केली तर? सांधे कापडी चिकटपट्टीनं बुजवले तर? बहुतेक वेळा सगळ्यात मोठा फरक त्या सांध्यांनीच पडतो, आणि मुलांचं सगळं लक्ष आरशाकडे असतं.

ऊन ८०० वॅट आहे हे कशावरून? सोल्डरगन यांचं छोटं पॅनल वापरा. त्याच्या दोन तारा मीटरमधूनच जोडून करंट वाचा. अगदी स्वच्छ दुपारच्या आकड्याला १००० समजा, बाकी त्या प्रमाणात. प्रयोगशाळेतलं उपकरण नाही, पण चार पेट्यांची तुलना करायला पुरतं.

अवांतर: हा उद्योग मुंबईला नवा नाही. १८७८ च्या सुमारास विल्यम ॲडम्स नावाचा हायकोर्टातला एक इंग्रज कर्मचारी मुंबईत आरशांचा अष्टकोनी कुकर करून बसला होता. सात सैनिकांचं जेवण जानेवारीत दोन तासांत शिजतं असं त्यानं नोंदवलंय. पुढे त्यानं कुलाब्याला सपाट आरसे अर्धवर्तुळात मांडून बॉयलर तापवला आणि वाफेचं इंजिनही चालवलं. आणि आजची गोष्ट बघायची तर सहल शिर्डीला न्या, तिथल्या प्रसादालयावर ७३ शेफलर तबकड्या (ऊन एका जागी गोळा करणारे मोठे आरसे) बसवल्या आहेत, २००९ पासून. उन्हानं वाफ करायची आणि वाफेवर स्वयंपाक.

---

जुगाडभाऊ

एवढं कशाला डोकं लावता? यूट्यूबवर व्हिडिओ आहे. छतावरच्या पंख्याची मोटर, पट्टा, दुसऱ्या बाजूला जनरेटर. एकदा धक्का दिला की मोटर जनरेटरला फिरवते, जनरेटर मोटरला. फुकट वीज, २४ तास. शाळेत लावा, बिल शून्य.

---

तर्कटराव

आता मी मास्तरांच्या पार्टीत.

---

उष्मागतिक

जुगाडभाऊ, छोटी मोटर घेतलेल्या विजेतली ८० टक्के फिरण्यात देते असं उदारपणे धरू. जनरेटर पुन्हा ८० टक्के परत देतो. शंभर घातले, ६४ आले. पुढच्या फेरीला ४१. दोन-चार सेकंदांत थांबणार. मास्तर, खरं तर हाच एक प्रकल्प करा. खेळण्यातल्या दोन मोटरी रबरी नळीनं तोंडाला तोंड जोडा, एकीला वीज द्या, दुसरीकडून किती येते ते मोजा. व्हिडिओ का खोटा आहे ते मुलं आकड्यानं सांगतील, आणि घरच्या मोठ्यांना पटवतील.

---

सोल्डरगन

शिवाय साध्या छतपंख्यात चुंबकच नसतं, नुसता हातानं फिरवून त्यातून वीज येत नाही. बीएलडीसी पंखा असेल तर त्यात कायमचं चुंबक असतं, तो फिरवला की खरोखर वीज देतो. भंगारात बंद पडलेला बीएलडीसी मिळाला तर सोडू नका.

---

आरहूसकर

मूळचा साताऱ्याचा, सध्या डेन्मार्कमध्ये पवनचक्क्यांच्याच धंद्यात. वाऱ्याबद्दल लिहितो.

पहिलं सूत्र मुलांनी अनुभवायला हवं ते म्हणजे घन. वारा दुप्पट झाला की वाऱ्यातली शक्ती आठपट. ६० सेंमी व्यासाच्या पात्यांच्या वर्तुळातून ताशी साडेचौदा किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला ४ मीटरचा वारा जात असेल तर त्यात सुमारे ११ वॅट असतात. त्यातले जास्तीत जास्त ५९ टक्केच काढता येतात, कितीही हुशार यंत्र असलं तरी. याला बेट्झची मर्यादा म्हणतात. घरगुती यंत्राला दीड वॅट मिळाले तरी पाठ थोपटा. वारा ८ मीटर झाला की तेच ११ चे ८७ होतात. मुलांनी आपल्या चक्कीची वीज आणि वाऱ्याचा वेग दोन्ही लिहायचे. वेगासाठी चार अर्धे कापलेले चेंडू लावून फिरकी करा आणि एखाद्या शांत सकाळी मोटरसायकलवर मागे बसून २०, ३०, ४० च्या वेगाला ती मिनिटाला किती फिरते ते मोजा, झाला वेगमापक. (मोटरसायकल मास्तरांनी चालवायची.)

पाती चार इंची पीव्हीसी पाइपमधून कापा, आपोआप बाक येतो. मग एकच गोष्ट बदला: दोन पाती, तीन, सहा. किंवा कोन ५ अंश, १०, २०. एका वेळी एकच.

आता जरा रेंगाळतो, कारण इकडची गोष्ट तुमच्या विषयाचीच आहे. पॉल ला कूर नावाचा शिक्षक होता, आस्कोव्हच्या लोकशाळेत. १८९१ मध्ये त्यानं शाळेच्या आवारात प्रयोगाची पवनचक्की उभारली. वारा नसताना काय, हा प्रश्न त्यालाही पडला. त्यानं विजेनं पाण्याचं विघटन करून हायड्रोजन साठवला आणि त्यावर शाळेचे दिवे लावले. मध्येच हायड्रोजनमध्ये ऑक्सिजन मिसळून स्फोट व्हायचे, आणि खिडक्यांच्या काचा पुन्हा बसवाव्या लागायच्या. घरी बनवलेल्या बोगद्यात वारा सोडून त्यानं पात्यांची चाचणी घेतली, आणि भरपूर संथ पात्यांपेक्षा मोजकी वेगवान पाती वीज करायला बरी हे दाखवलं. पुढे त्यानं खेड्यांतल्या तरुणांसाठी विजेचे वर्ग काढले. १९०४ च्या वर्गात योहानेस यूल नावाचा मुलगा होता. त्याच यूलनं उतारवयात, १९५७ मध्ये, गेडसरला तीन पात्यांची २०० किलोवॅटची चक्की उभारली. तुमच्या ढालगावला जी तीन पाती फिरताना दिसतात त्यांचं घराणं थेट तिथं जातं.

आणि इकडच्याच ट्विन इथल्या शाळेची १९७८ ची पवनचक्की तर शिक्षक, विद्यार्थी आणि शेकडो हौशी लोकांनी मिळून बांधलेली. पात्यांचा व्यास ५४ मीटर! त्या काळी जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक. फायबरची पाती त्यांनी स्वतः घडवली. ती शाळा चालवणाऱ्या मंडळींबद्दल पुढे बरेच वाद झाले, तो वेगळा विषय, पण चक्की फिरत राहिली.

---

गोठ्यातून

कागलहून. आमचा म्हशींचा गोठा, गोबर गॅस आजोबांच्या काळापासून. शाळेत पूर्ण संयंत्र बांधू नका, बाटल्या पुरतात.

दोन लिटरच्या चार प्लास्टिक बाटल्या. प्रत्येकात चालू गोबर गॅसच्या टाकीतली सारखीच मळी (स्लरी), दीड लिटर. पहिलीत आणखी काहीच नाही. दुसरीत १० ग्रॅम ताजं शेण, तिसरीत १० ग्रॅम शिळा भात, चौथीत १० ग्रॅम भाजीची देठं. बुचाला सलाईनची नळी, नळीचं टोक पाण्यात उलट्या ठेवलेल्या बाटलीत. गॅस आला की पाणी खाली सरकतं, बाटलीवर पट्टी चिकटवून रोज आकडा लिहा. पाण्यात थोडं मीठ घाला, म्हणजे कार्बन डायऑक्साइड कमी विरघळतो.

शेण विरुद्ध भात यात कोण जिंकणार यावर वर्गात आधी पैज लावा. बहुतेक शेण म्हणतील. पण शेण म्हणजे म्हशीनं सत्त्व काढून घेतलेला चारा, भातात सगळं शाबूत. पुण्याच्या 'आरती' संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी खरकट्यावर चालणारं घरगुती संयंत्र याच तर्कानं बसवलं, २००६ मध्ये त्याला ॲशडेन पुरस्कार मिळाला. उत्साहात पन्नास ग्रॅम भात घालू नका, आंबून आम्ल होतं आणि मिथेन करणारे जिवाणू संप करतात. लिटमस लाल दिसला की समजायचं.

गॅस चुन्याच्या निवळीतून सोडला की कार्बन डायऑक्साइड शोषला जातो. आधी किती, नंतर किती, उरला तो बहुतेक मिथेन. पेटवून बघायची हौस फक्त मास्तरांनी, उघड्यावर, बाटलीपासून लांब नळीच्या टोकाला, मध्ये पाण्याची बाटली ठेवून. सुरुवातीचा गॅस पेटतही नाही, तो सोडून द्यायचा. आणि काचेच्या बाटल्या अजिबात नकोत.

थंडीत गॅस कमी येतो. डिसेंबरात प्रदर्शन असेल तर बाटल्या उन्हात, काळ्या कापडात ठेवा. तोही एक प्रयोगच.

---

खोपोलीकर

पाणी कुणीच घेतलं नाही म्हणून. आमच्या गावात १९१५ पासून टाटांचं वीजघर आहे, लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी घाटावरून नळांतून खाली येतं आणि पेल्टनच्या, म्हणजे कडेला वाट्या बसवलेल्या, चाकांवर आदळतं. मुंबईच्या गिरण्या त्यावर चालल्या.

शाळेची टाकी ७ मीटर उंच असेल तर चाक करता येतं. १२ सेंमीच्या चकतीला प्लास्टिकचे चमचे, ५ मिलिमीटरचं तोंड. पाणी सेकंदाला पाव लिटरच्या आत, त्यात चौदा-पंधरा वॅट. मोठा पाइप घ्या, अर्ध्या इंचीत घर्षणानंच निम्मं जातं. चमचे धारेच्या निम्म्या वेगानं फिरतात तेव्हा सगळ्यात जास्त मिळते, म्हणजे इथं मिनिटाला नऊशेच्या आसपास फेरे. पाणी खाली बादलीत धरा आणि झाडांना घाला, कवठेमहांकाळात ते वाया गेलेलं कुणाला आवडायचं नाही.

---

दोन_लेकरांची_आई

आम्हाला फ्लॅटवाल्यांना काही? टाकी सोसायटीची, गोठा नाही, वारा खिडकीतून तेवढा.

---

उष्मागतिक

गच्चीवर सोलर आहे म्हणालात ना? मग शून्य रुपयांत सगळ्यात चांगला प्रकल्प तुमचाच. रोज ठरावीक वेळी मीटरचा आकडा आणि आकाश कसं होतं ते लिहायचं. आपल्याकडे चांगल्या दिवशी एक किलोवॅट मागे चार युनिट हा ढोबळ अंदाज. तुमचा आकडा त्याच्या खाली का, हे शोधायचं. धूळ? टाकीची सावली? कबुतरं? पॅनल धुण्याच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशी तुलना, तीही दोन्ही दिवशी आकाश स्वच्छ असेल तरच. थोरल्याला गच्चीवरच्या वायरींना हात लावू देऊ नका, ऊन असेतो त्या बंद करता येत नाहीत आणि व्होल्टेज जिवावरचं असतं. फक्त मीटर वाचायचं.

आणि मे महिन्यात ठाण्या-मुंबईला शून्य सावलीचा दिवस येतो. त्या दुपारी छोटं पॅनल आडवं ठेवून आणि दक्षिणेला १९ अंश कलवून, दोन्ही मोजा. डिसेंबरात पुन्हा. वर्षभर एकाच कोनात पॅनल का बांधतात आणि त्यात काय गमावतो, दोन्ही कळेल.

---

तर्कटराव

मास्तर, परीक्षकाच्या दोन मिनिटांवर तोडगा सुचवतो. तक्ता भिंतीवर लावू नका. सावलीवाला प्रयोग टेबलावर मांडा आणि पुठ्ठ्याची पट्टी परीक्षकाच्याच हातात द्या. 'सर, कुठंही ठेवा, आधी सांगा करंट किती होईल.' चुकलेला परीक्षक टेबलापासून हलत नाही.

---

माळावरचा_मास्तर

तर्कटराव, हे मात्र मानलं. आमच्या हॉलमध्ये ऊन नाही, टेबलावर दिवा लागेल, तो एलईडी चालेल का?

ठरलंय असं: दोन गट सावली आणि ३३ ओहम, एक गट चार पातेली, एक गट बाटल्या (मळी द्यायला आमच्या शिपाईमामांचा गोबर गॅस आहे), एक गट पवनचक्की. दोन मोटरींचा प्रयोग सगळ्या वर्गासमोर, व्हिडिओ दाखवून झाल्यावर.

---

सोल्डरगन

एलईडी नको, जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब किंवा हॅलोजन घ्या. सिलिकॉनला लालच्या पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा उजेडही लागतो, तो एलईडीत जवळपास नसतो. बल्ब फार जवळ नको, पॅनल तापेल आणि आकडे घसरत राहतील.

पवनचक्कीला खेळण्यातली मोटर लावू नका, तिला हजारो फेरे लागतात. जुन्या प्रिंटरमधली स्टेपर मोटर संथ फिरवली तरी भरपूर व्होल्टेज देते. माझ्या दुकानात चार पडून आहेत, एसटी पार्सलनं पाठवतो. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. डायोडही टाकतो, तिची वीज उलटसुलट येते, ती एकाच दिशेला वळवायला चार डायोडचा पूल लागेल.

---

माळावरचा_मास्तर

व्यनि केला आहे, आभारी आहे. चार तारांमधल्या जोड्या कशा ओळखायच्या? रंगांचा काही नियम?

---

सोल्डरगन

रंगांवर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचे वेगळे. मीटर ओहमवर ठेवा, ज्या दोन तारांमध्ये रोध दिसेल ती एक जोडी, उरलेल्या दोन दुसरी. मीटर दुसऱ्या गटाकडे असेल तर कुठल्याही दोन तारांची टोकं एकमेकांना चिकटवून दांडा बोटांनी फिरवा. जोडी बरोबर असेल तर दांडा एकदम जड लागतो, चुकीची असेल तर तसाच हलका राहतो. सहा तारांची मोटर आली तर मला फोटो टाका.